कामठीची छावणी आणि समुद्रापलीकडचा हिशेब

मंडळाच्या एका बैठकीत लांजीच्या किल्ल्यावर बोलणं झालं आणि शेवटी नेहमीप्रमाणे प्रश्न सुरू झाले. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "सर, इंग्रजांनी बालाघाटात छावणी का नाही बांधली? कामठीला आहे, जबलपूरला आहे, सागरला आहे. मग आपल्याकडे का नाही?" मी तेव्हा सांगून टाकलं की आपला भाग जंगलाचा, वस्ती विरळ, म्हणून गरज पडली नसेल. घरी आल्यावर मात्र उत्तर पटेना. जंगल आणि डोंगर आहेत म्हणून तर फौज जास्त लागायला हवी होती. त्या मुलीच्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे हाती लागलं ते या टिपणात मांडतो आहे. उत्तराची सुरुवात बालाघाटात नाही, समुद्रापलीकडे आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आपण कामठीकडे 'आपल्या जवळची छावणी' म्हणून बघतो. पण ज्यांनी ती वसवली त्यांच्या दृष्टीनं ती हजारो कोस दूरच्या परमुलखातली छावणी होती. समुद्रापलीकडचा मुलूख सांभाळायचा तर कुठल्याही सत्तेला तीन हिशेब करावे लागतात. कायमची शिबंदी किती ठेवायची? अडचण आली तर कुमक किती दिवसांत पोचेल? आणि या सगळ्याचा खर्च कुणाच्या माथी मारायचा? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली असतात. कुमक लवकर येणार असेल तर शिबंदी कमी चालते. उशिरा येणार असेल तर जास्त लागते, आणि ती परवडत नाही.

वसईचा धडा

हा हिशेब चुकला की काय होतं ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांकडे होती. त्यांची ताजी फौज लिस्बनहून यायची ती वाऱ्याच्या वेळापत्रकानं. गलबतं साधारण मार्च-एप्रिलमध्ये निघत आणि सगळं नीट पार पडलं तर सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला लागत. म्हणजे वर्षातून एकदा. मधल्या काळात वसईला मदत लागली तर ती गोव्यातूनच यायला हवी.

चिमाजी अप्पांनी नेमकी हीच फट धरली. १७३९ च्या जानेवारीत माहीम, केळवे, तारापूर अशी उत्तर कोकणातली ठाणी एकामागून एक पडत होती. त्याच सुमारास व्यंकटराव घोरपडे आणि दादाजी भावे नरगुंदकर यांची फौज खाली गोव्याच्या साष्टीत उतरली आणि मडगाव गेलं. गोव्याच्या व्हाइसरॉयला स्वतःचीच राजधानी सांभाळायची चिंता पडली, मग तो वसईला काय पाठवणार? मुंबईच्या इंग्रजांकडे हात पसरले तर थोडा दारूगोळा मिळाला, माणसं मिळाली नाहीत. फेब्रुवारीत वेढा आवळला गेला आणि मे महिन्यात वसई पडली. दोन वर्षांनी, १७४१ मध्ये, लुरिसालचा मार्केज नवा व्हाइसरॉय म्हणून लिस्बनहून ताजी फौज घेऊन गोव्यात आला. तोवर वसईवर भगवा लागून दोन पावसाळे झाले होते.

वसईच्या लढाईबद्दल बोलताना आपण सुरुंग आणि बुरूज यांच्याबद्दल बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण मला त्या मोहिमेतलं मोठं शहाणपण मडगावात दिसतं. किल्ला घ्यायच्या आधी त्याची कुमक अडवली गेली.

सीताबर्डी : वीस दिवसांचा खेळ

आता आपल्या बाजूला येऊ. २७ मे १८१६ रोजी अप्पासाहेब भोसल्यांनी कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. कंपनीची फौज नागपूरच्या राज्यात राहणार आणि त्यासाठी दरबारानं वर्षाला साडेसात लाख रुपये द्यायचे. तिसऱ्या हिशेबाचं उत्तर इथे लगेच मिळतं. परमुलखातली शिबंदी, आणि पैसे त्या मुलखाचेच. वैनगंगेच्या खोऱ्यातला धान पिकवणारा शेतकरी भोसल्यांना जो सारा देत होता, त्यातला वाटा या पलटणींच्या पगारात जाऊ लागला. लांजीचा मुलूख तेव्हा भोसल्यांकडेच होता.

दीड वर्षात बिनसलं. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई जुंपली. टेकडीवर कर्नल स्कॉटच्या हाताखाली मद्रासच्या दोन पलटणी, बंगालच्या रिसाल्याच्या तीन तुकड्या, रेसिडेंटचे रखवालदार असे मिळून सुमारे चौदाशे लोक होते. समोर त्यांच्या कित्येक पट फौज. २७ तारखेच्या दुपारपर्यंत टेकडी टिकली, पण माणसं आणि दारूगोळा दोन्ही संपत आले होते.

पुढचे दिवस बघा. २९ नोव्हेंबरला नर्मदेकडून कर्नल गेहन पोचला. १२ डिसेंबरला जनरल डव्हटन मोठी फौज घेऊन आला. १६ तारखेला नागपूरची लढाई झाली आणि भोसल्यांचं राज्य नावापुरतं उरलं. टेकडीवरच्या पहिल्या हल्ल्यापासून निकालापर्यंत वीस दिवस. टेकडी ज्यांनी लढवली ते शूर होतेच, पण राज्य ज्यांनी जिंकलं ते वाटेवर होते. अप्पासाहेबांकडे गेहनची किंवा डव्हटनची वाट अडवायला कुणी घोरपडे नव्हता.

कामठी कुणाची, कशासाठी

या अनुभवानंतर १८२१ मध्ये कन्हान नदीकाठी कामठीची छावणी वसली. 'कॅम्प टी' वरून कामठी झालं असं लोक हौसेनं सांगतात. ती व्युत्पत्ती मला लोककथा वाटते, पण छावणीचा दबदबा गावाच्या नावापर्यंत कसा जाऊन बसला ते तिच्यातून कळतं. जागा हेरून निवडली होती. नागपूर शहरापासून नऊ-दहा मैल, म्हणजे शहरातल्या दंग्यात सापडायचं नाही आणि एका रात्रीत शहरात शिरता येईल.

इथल्या पलटणी बहुतेक मद्रास फौजेच्या. तेलुगू आणि तमीळ शिपाई बायकापोरांसकट इथे यायचे, काही इथेच राहिले. कामठीच्या जुन्या वस्तीत दक्षिणेकडची नावं भेटतात ती त्यामुळे. पण नागपूरला मद्रासचे शिपाई का, हा प्रश्न विचारायला हवा. बंगाल फौजेतल्या उच्चवर्णीय शिपायांना समुद्र ओलांडणं धर्मसंकट वाटे. १८२४ मध्ये ब्रह्मदेशच्या लढाईसाठी कूच करायची वेळ आली तेव्हा बराकपूरला ४७ व्या पलटणीनं नकार दिला. सामानाला बैल मिळत नव्हते, खर्च अंगावर पडत होता आणि वर समुद्राची धास्ती. २ नोव्हेंबरला त्यांच्यावर तोफा चालवल्या गेल्या. मद्रासच्या पलटणी मात्र तुलनेनं सहज जहाजावर चढत. ब्रह्मदेश असो की १८४० नंतरची चीनची मोहीम, मद्रासी शिपाई तिथे होता.

म्हणजे कामठीला बसलेली फौज नागपूरवर नजर ठेवायलाही होती आणि ज्या मद्रास फौजेतून रंगून-कँटनला माणसं जात, तिचाच एक तुकडा होती. एकाच वहीत दोन जमाखर्च. लंडनहून पाहिलं तर कामठी हा समुद्रापलीकडचा मुलूख. आणि इथून पाहिलं तर समुद्रापलीकडच्या मुलखांना कुमक इथल्यासारख्याच छावण्यांतून.

१८५७ : तार नव्हती तेव्हा

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीनं नागपूर खालसा केलं. तीन वर्षांत उठाव झाला. त्या वेळी साऱ्या हिंदुस्थानात गोरे सैनिक चाळीस हजारांच्या आसपास आणि देशी शिपाई दोन लाखांहून जास्त. मेरठला १० मे रोजी ठिणगी पडली, ती बातमी लंडनला पोचायला जूनचा शेवट उजाडला. तिथून आफ्रिकेला वळसा घालून पलटण यायची तर तीन-चार महिने. मग कुमक आली कुठून? लॉर्ड एल्गिनबरोबर चीनच्या स्वारीवर निघालेल्या पलटणी वाटेतूनच कलकत्त्याला वळवल्या. ब्रह्मदेशातून, सिलोनमधून, केपमधून माणसं ओढली. एका परमुलखाची फौज दुसऱ्या परमुलखाच्या कामी आली.

नागपूरला १३ जूनच्या रात्री उठायचा बेत होता. तो फुटला आणि टाकळीच्या रिसाल्याची हत्यारं कामठीच्या मद्रासी पलटणींच्या जोरावर काढून घेतली गेली. त्याच कामठीहून मद्रासी शिपायांचा एक फिरता तुकडा शिवनीमार्गे जबलपूरकडे धाडला होता. सप्टेंबरात जबलपूरला गोंड राजे शंकरशाह आणि त्यांचे चिरंजीव रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी दिलं, त्या रात्री ५२ वी पलटण उठून निघून गेली. आपल्या भागातली गोंड मंडळी त्या पितापुत्रांची आठवण आजही काढतात. त्यांच्या पाठीशी उभं राहू पाहणाऱ्या शिपायांची संख्या लहान नव्हती. पण त्यांना कुमक कुठूनच येणार नव्हती, आणि समोरच्यांना ती कामठीहून येत होती.

छावणीऐवजी वेळापत्रक

उठाव शमल्यावर पील कमिशन बसलं आणि प्रमाण ठरलं. बंगालकडे दोन देशी शिपायांमागे एक गोरा, मद्रास आणि मुंबईकडे तिनांमागे एक. म्हणजे साठ हजारांहून जास्त गोरे सैनिक कायम हिंदुस्थानात ठेवायचे. आजारपण, मृत्यू, मुदत संपणं यामुळे दरवर्षी हजारो माणसं बदलावी लागणार.

त्यासाठी जे यंत्र उभं राहिलं ते बघण्यासारखं आहे. १८६६-६७ च्या सुमारास पाच मोठी फौजी जहाजं बांधली : क्रोकोडाइल, सेरापिस, युफ्रेटिस, जमना आणि मलबार. सुएझचा कालवा अजून व्हायचा होता, म्हणून पहिली दोन इंग्लंड ते अलेक्झांड्रिया चालत, मधे इजिप्तमध्ये रेल्वे, आणि उरलेली तीन सुएझ ते मुंबई. १८६९ मध्ये कालवा खुला झाला आणि थेट प्रवास सुरू झाला. उन्हाळा आणि पावसाळा टाळून ही ने-आण थंडीच्या महिन्यांत चाले. मुंबईला उतरलेली पलटण घाट चढून देवळालीच्या तळावर काही दिवस विसावा घेई आणि मग आपापल्या छावणीकडे जाई. परतीच्या जहाजाची वाट बघत देवळालीत कंटाळलेल्या सोल्जरांमुळे त्या गावाचं नाव इंग्रजी बोलीत 'डोकं फिरलेला' या अर्थानं जाऊन बसलं. तिकडे इंग्लंडात कार्डवेल या युद्धमंत्र्यानं १८७० नंतर पलटणींच्या जोड्या लावल्या. एक घरी, एक परमुलखात. घरची पलटण माणसं तयार करणार, बाहेरची ती वापरणार.

यातच आपल्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनीचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा करायला घेतला. त्याच वर्षी मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. तारायंत्र आधीच आलं होतं, आणि १८७० पासून मुंबई-लंडन समुद्री तारही सुरू झाली. जिल्ह्याचा साहेब, थोडे पोलीस आणि एक तारेचा खांब एवढ्यावर भागणार होतं. कामठीहून बालाघाट शंभर मैलांच्या आतबाहेर. पायी कूच दिवसाला दहा-बारा मैलांची धरली तर आठ-दहा दिवस, पावसाळ्यात वैनगंगा भरली तर देव जाणे. पण १८८० नंतर नागपूरहून तुमसरच्या बाजूनं छत्तीसगडकडे रेल्वे गेली आणि ते अंतर निम्म्याहून कमी झालं. १९०३ ते १९०५ च्या दरम्यान गोंदियाहून बालाघाट, नैनपूर, जबलपूर अशी छोटी लाइन झाली तेव्हा तर प्रश्नच मिटला. तिच्यावरून मँगनीज गेलं, लाकूड गेलं, तांदूळ गेला. आपण तिला प्रेमानं आठवतो, मीही लहानपणी तिच्या खिडकीत बसून डोळ्यांत कोळशाची कणी घेतली आहे. पण कामठी आणि जबलपूर या दोन छावण्यांच्या मधला मुलूख तिनं बांधून टाकला हेही खरं. छावणी न बांधताच बालाघाटावर छावणीचा वचक बसला होता.

खर्च कुणाचा

आता तिसरा हिशेब, आणि मला सगळ्यात जास्त टोचलेला.

१८३९ च्या जानेवारीत कंपनीनं एडन घेतलं, मुंबईच्या फौजेनं. पुढे जवळजवळ शंभर वर्षं एडन मुंबई इलाख्याला जोडलेलं होतं आणि तिथली शिबंदी मुंबईच्या पलटणी पाळीपाळीनं पुरवत. रत्नागिरी-साताऱ्याकडचा शिपाई त्या उघड्या खडकावर पहारा करून आला. १८६७-६८ मध्ये ॲबिसिनियाच्या स्वारीला मुंबईहून तेरा हजारांच्या आसपास फौज गेली, सोबत ४४ हत्तीसुद्धा. १८७८ मध्ये रशियाला धाक दाखवायला हजारो हिंदी शिपाई थेट माल्टाला नेले. १८८२ मध्ये इजिप्त. हिंदुस्थान म्हणजे पूर्वेच्या समुद्रातली इंग्रजांची बराक, जिथून फुकट फौज काढता येते, या अर्थाचं बोलणं लॉर्ड सॅल्सबरीच्या नावावर सांगितलं जातं.

फुकट म्हणजे इंग्लंडला फुकट. १८९६ मध्ये सुदानच्या किनाऱ्यावरच्या सुआकीन बंदरात हिंदी फौज नेऊन ठेवली. तिचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतूनच द्यायचा असं पार्लमेंटनं जुलैत ठरवलं. खुद्द हिंदुस्थान सरकारनं त्याला विरोध नोंदवला होता, तरीही.

आता तेच साल आपल्या जिल्ह्यात बघा. १८९६ चा पाऊस ऑगस्टअखेर थांबला आणि वैनगंगेच्या खोऱ्यातला धान उभ्या उभ्या वाळला. १८९६-९७ च्या दुष्काळातून सावरतो न सावरतो तोच १८९९-१९०० चा दुष्काळ. १९०१ च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्याची वस्ती सव्वातीन लाखांच्या आसपास मोजली गेली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी. ती सगळी माणसं भुकेनंच मेली असं मी म्हणत नाही. पटकी, हिवताप, गाव सोडून जाणं हेही त्यात आहे. पण ज्या तिजोरीत मिठाच्या कराचा पैसा जमा होत होता, त्याच तिजोरीतून सुआकीनचा पगार निघत होता. पराटीतली भाकर अर्धी झालेल्या माणसाला लाल समुद्र कुठे आहे हे ठाऊकही नव्हतं.

हा हिशेब मांडणारे लोक मात्र होते. १८९५ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाच्या चौकशीसाठी वेल्बी कमिशन नेमलं गेलं. दादाभाई नौरोजी त्याचे सभासद होते. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले आणि दिनशा वाच्छा लंडनला जाऊन साक्ष देऊन आले. गोखल्यांचं वय तेव्हा अवघं तीस-एकतीस. बाहेरच्या मोहिमा आणि फुगलेला लष्करी खर्च गरीब देशावर का लादता, हा त्यांच्या मांडणीतला एक मुख्य धागा. १९०० मध्ये अहवाल आला, त्यात एडनच्या लष्करी खर्चाचा निम्मा भार आणि पलटणींच्या वाहतुकीतला काही वाटा ब्रिटननं उचलावा अशा शिफारशी होत्या. फार नव्हतं, पण हा खर्च अन्यायाचा आहे हे कागदावर मान्य झालं.

कूत : कुमक न पोचलेली गोष्ट

शेवटचा टप्पा १९१४ चा. नोव्हेंबरात हिंदी फौज बसऱ्याला उतरली. पुढे सहावी पुणे डिव्हिजन तैग्रीस नदीच्या काठानं बगदादच्या दिशेनं वर वर सरकत गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. माणसं पुढे गेली, पण मागून येणाऱ्या धान्याला, औषधाला, जखमींना न्यायला नदीत बोटीच पुरेशा नव्हत्या. ७ डिसेंबर १९१५ ला कूत गावात ही फौज वेढली गेली. सोडवायला येणाऱ्या कुमकेचीच सुमारे तेवीस हजार माणसं मेली किंवा जखमी झाली, तरी ती पोचली नाही. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. तेरा हजारांच्या आसपास लोक कैद झाले, त्यातले बरेच परतलेच नाहीत. चौकशी कमिशनचा अहवाल १९१७ मध्ये आला. त्याचा ठपका हिंदुस्थानातल्या वरिष्ठांवर बसला आणि लंडनमध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेननं राजीनामा दिला.

वसईत जे पोर्तुगीजांचं झालं तेच इथे झालं, फक्त या वेळी तटाच्या आत आपली माणसं होती. चूक ज्यांनी केली ते सिमल्याला होते. वेढ्यात घोड्याचं मांस खायचं की उपाशी राहायचं हा प्रश्न साताऱ्या-कोल्हापूरच्या पोरांपुढे पडला.

आता पुढे काय

कामठीची छावणी आजही आहे. भारतीय सेनेच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र तिथे आहे, आणि जवानांना सॅल्यूट करताना मला बरं वाटतं. ही फौज आपली आहे, तिचा खर्च आपण निवडून दिलेली माणसं ठरवतात. १८२१ च्या कामठीत आणि आजच्या कामठीत हा फरक मोठा आहे.

त्या मुलीला मी पुढच्या बैठकीत उत्तर दिलं : बालाघाटात छावणी नव्हती, कारण बालाघाट हा कामठीच्या हिशेबातला एक आकडा होता, आणि कामठी लंडनच्या हिशेबातला. ती म्हणाली, "मग आपल्या गावातून कोणी गेलं असेल का, एडनला नाही तर बसऱ्याला?"

याचं उत्तर पुस्तकांत सापडणारं नाही, घराघरांतल्या पेटीत सापडलं तर सापडेल. म्हणून वाचकांना विनंती. बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी, बैहर, किंवा पलीकडे गोंदिया-भंडाऱ्याकडे तुमच्या घरी जुनं पदक, पेन्शनचं बुक, डिस्चार्जचा कागद, परदेशातून आलेलं पोस्टकार्ड असेल तर ते रद्दीत घालू नका. पदकाच्या कडेवर बहुधा शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, भिंग लावून वाचा. फोटो काढून मंडळाकडे द्या, मूळ वस्तू तुमच्याच घरी राहू द्या. एक नाव जरी मिळालं तरी पुढचं टिपण त्याच्यावर लिहीन.